बंद घराचा वास

बंद घराचा वास उंबऱ्यातच भेटतो. किल्ली फिरते, लॅच कुरकुरत मागं सरतो, पावसाळ्यात फुगलेलं दार खांद्यानं जरा रेटावं लागतं, आणि आतली हवा, जी कित्येक महिन्यांत कुणाच्या छातीत गेलेली नसते, ती समोर येऊन उभी राहते. मी तिथं थोडी रेंगाळते. मागं पार्टी उभी असेल तर किल्ली कुलपात अडकल्याचं निमित्त करते. एकटी असले तर निमित्तही लागत नाही. त्या पहिल्या श्वासात घर स्वतःबद्दल जेवढं सांगतं तेवढं पुन्हा कधी सांगत नाही. नाक फार लवकर सरावतं. मग उरतात त्या खोल्या, खिडक्या आणि चौरस फूट, ज्यांच्यावर माझं पोट चालतं.

कोथरूड आणि कर्वेनगरच्या मधल्या पट्ट्यात, ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांचे जिने चढण्यात माझं आयुष्य गेलं. मोझॅकच्या फरशा, कडप्प्याचा ओटा, बेडरूममधला माळा, ग्रिल लावून हॉलमध्ये ओढून घेतलेली बाल्कनी. ही घरं मला डोळे मिटूनही ओळखता येतात. आधी लागतो तो डांबरगोळ्यांचा वास, गोदरेजच्या कपाटातून झिरपत आलेला, ज्या कपाटातल्या साड्या कुणी घ्यायच्या हे मुलींमध्ये अजून ठरलेलं नसतं. मग कॉटखाली बांधून ठेवलेल्या पेपरांचा कोरडा, जिभेवर धूळ आल्यासारखा वास. मग भिंतींची ओल, त्यातही पश्चिमेच्या भिंतीची, जिथं जुलैची झड लागते आणि डिस्टेंपर पोपडे धरतं. देवघराच्या कोनाड्यापाशी करपलेल्या वातीचं तेल. देव कधीच हललेले असतात, थोरल्याकडे नाहीतर परदेशातल्या एखाद्या शेल्फवर, पण तेल तिथंच राहिलेलं असतं, भिंतीत मुरून.

आणि या सगळ्यांच्या तळाशी बाथरूमकडून येणारा तो वास, ज्यानं भलेभले सौदे मोडतात. त्याचं कारण अगदी साधं आहे. बाथरूमच्या फरशीत नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकणात थोडं पाणी कायम अडून राहतं, आणि तेवढं पाणी खालच्या ड्रेनेजची हवा वर येऊ देत नाही. घर नांदतं असतं तोवर रोजच्या आंघोळींनी ते आपोआप भरलेलं राहतं. घर बंद झालं की एका उन्हाळ्यात ते उडून जातं आणि गटाराची हवा मोकळी घरात शिरते. पार्टी नाकाला रुमाल लावते, ड्रेनेज फुटलंय म्हणते, किंमत पाडून मागते. खरं म्हणजे प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं आणि खिडक्या उघडायच्या, बस्स. कुणी आंघोळीला राहिलं नाही, एवढाच त्या घराचा दोष.

ही पाण्याची युक्ती मला शिकवली ती अण्णांनी. या धंद्यात मी त्यांच्या हाताखाली आले. अण्णांना ऑफिस नव्हतं. एका हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल, चहाचे डाग पडलेली लांबट वही आणि बाराबंदीसारखा एकच खादीचा सदरा, एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्मं डेक्कन इकडून तिकडं हलवलं असेल. व्हिजिट पाचची असली की अण्णा साडेचारला घरात. सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, नळ सोडायचे, पहिलं तांबूस पाणी वाहून जाऊ द्यायचं, जाळ्यांत पाणी ओतायचं, दिवे लावून बघायचे, आणि मग दाराबाहेर जिन्यात येऊन उभं राहायचं, जणू आपणही आत्ताच आलो. मी एकदा हौसेनं उदबत्ती लावली होती, तर ती त्यांनी चिमटीत विझवली. म्हणाले, "उदबत्तीचा वास आला की पार्टीला वाटतं काहीतरी झाकताहेत. घराला उघडं राहू दे."

त्यांचं स्वतःचं नाक कुठं तयार झालं हे मला फार उशिरा कळलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा अण्णा शाळकरी वयाचे होते, आणि त्यांचं बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेतल्या एका वाड्यात होतं. पाणी ओसरल्यावर वाड्यात पाऊल टाकलं तेव्हाचा गाळाचा वास, भिजलेल्या धान्याचा, फुगलेल्या लाकडाचा, ते सांगू लागले की हॉटेलातला गोंगाट मागं पडायचा. पुराच्या पाठोपाठ पुणं पेठांच्या वेशीबाहेर भराभर पसरू लागलं, वसाहती झाल्या, मग सोसायट्या, मग कोथरूडची शेतं गेली. अण्णांच्या लेखी हा सगळा धंदा त्या वासापासून दूर जाण्याचा होता. कोरडी भिंत दाखवताना ते तिच्यावर तळहात ठेवायचे. पार्टीलाही ठेवायला लावायचे.

जाहिरात म्हणजे तेव्हा रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती. शब्दांवर पैसे, त्यामुळे घराचं सगळं सौभाग्य आठ-दहा शब्दांत बसवायचं: पहिला मजला, पूर्वाभिमुख, हवेशीर, पाणी मुबलक. खाली पुष्कळदा 'एजंट क्षमस्व'. अण्णा नेमक्या त्याच जाहिरातींवर लाल पेन्सिलनं खुणा करायचे आणि आठवडाभर थांबायचे. आठ दिवस तऱ्हेतऱ्हेची माणसं घर बघून, चहा पिऊन, भाव पाडून गेलेली असत, मालक मेटाकुटीला आलेला असे. मग अण्णांचा फोन जायचा आणि तो मालकाला गोड लागायचा. हे मार्केटिंग होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढं सगळंच बदललं. २००५ च्या सुमाराला घरांच्या वेबसाइटी आल्या, मग प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला, आणि माझ्याकडे आता एक मुलगा आहे जो हॉलच्या एका कोपऱ्यात गुडघ्यावर बसून दहा बाय अकराची खोली अशी टिपतो की तिच्यात लग्न लावावं. रिकाम्या खोलीचा फोटो दिला की संगणक तिच्यात सोफा, गालिचा आणि कुंडीतलं झाड मांडून देतो. रील करताना तो मला सांगतो, "मॅडम, पहिल्या तीन सेकंदांत हूक पाहिजे, नाहीतर लोक पुढं सरकवतात." तीन सेकंद! तेवढ्या वेळात माझा लॅचसुद्धा उघडत नाही. पण मुलगा खरं बोलतो. मागच्या दिवाळीत आम्ही दाखवलेली बहुतेक घरं लोकांनी आधी फोनवरच बघून ठेवली होती, आणि प्रत्यक्षात ते आले ते फक्त नाही म्हणायचं राहिलंय का हे तपासायला.

तंत्रज्ञानावर रुसण्याचं माझं वय झालं असलं तरी मी रुसलेली नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला हवा हे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं सांगितलेलं, पण त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन घेऊन बाकड्यावर काढलेल्या दुपारी मला आठवतात. आता लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून आम्ही मालकाच्या घरी जातो, डायनिंग टेबलावर करार होतो आणि सोबत पोहे मिळतात. कधीकधी आजींचा अंगठा उठत नाही. आयुष्यभर भाकऱ्या थापून, भांडी घासून रेषा इतक्या पुसट झालेल्या असतात की मशीनचा लाल उजेड नुसता लुकलुकत राहतो. मग अंगठा ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा दाबायचा, मग तर्जनी, मग मधलं बोट. आजी ओशाळून माझ्याकडे बघतात. मला त्या क्षणी त्यांचा हात हातात धरून ठेवावासा वाटतो, आणि मी तो धरतेही, बोट नीट बसवायच्या निमित्तानं. त्यांच्या पदराला तुपाचा, कापराचा, औषधी मलमाचा वास असतो. हा वास अजून चालता-बोलता आहे, भिंतीत गेलेला नाही, असं काहीतरी माझ्या मनात येऊन जातं. मशीन कधीतरी हिरवं होतं.

रेराचंही तसंच. २०१६ चा कायदा, २०१७ पासून महारेरा, आणि २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली तेव्हा पांढऱ्या केसांनी मी लेकीच्या वयाच्या मुलांशेजारी संगणकासमोर बसले. चटई क्षेत्राची व्याख्या पाठ केली. बिल्टअप, सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट आणि कधीकधी आकाशसुद्धा विकणाऱ्यांना त्या व्याख्येनं चाप लावला हे फार चांगलं झालं. पास झाल्याचा आनंद मी पेढे वाटून साजरा केला.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुसऱ्या प्रशिक्षणाबद्दल, हॉटेलच्या हॉलमध्ये एसीच्या गारठ्यात होतं त्या. तिथं टाय घातलेला एक तरुण आम्हाला पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड शिकवतो. सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, आज डील होणारच. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, मीही वाजवते, हात तेवढे गरम होतात. त्याची चेष्टा करायची नाही मला. ज्या धंद्यात दहा घरं दाखवल्यावर एखादं उठतं, तिथं माणसाला काहीतरी धरून ठेवायला लागतंच. तरी टाळ्या वाजवताना मला हटकून अण्णांचं साडेचारला जाणं आठवतं. एक घर होतं त्यांच्याकडे, तळमजल्याचं, अंधारं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. माणसं यायची, दारातूनच मागं वळायची. अण्णा पुढच्या पार्टीच्या आधी पुन्हा अर्धा तास जायचे, पुन्हा तेवढ्याच खिडक्या तेवढ्याच सताड उघडायचे, नळ सोडायचे. त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह वगैरे काही नसायचा. कुरकुर मात्र नसायची. आणि नको म्हणून निघालेल्या माणसाला ते जिन्यापर्यंत सोडायला जात आणि अंधारात शेवटची पायरी उंच आहे, सांभाळा, असं सांगत. ते घर शेवटी एका छायाचित्रकारानं घेतलं. त्याला अंधारच हवा होता.

अण्णा गेले. त्यांच्या खोलीचं दार उघडायला त्यांच्या सुनेनं मला बोलावलं होतं, भाड्यानं द्यायची होती म्हणून. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्या घरांत अशी बंद घरं फार. आई-वडिलांनी बँकेचं कर्ज काढून, दागिने मोडून घेतलेली, आणि मुलं परदेशात गेल्यामुळे कुलूप लागलेली. एका संध्याकाळी अशाच एका घरात मी उभी होते आणि फोनच्या पडद्यावर मालक होते, कॅलिफोर्नियात, त्यांची सकाळ, हातात कॉफीचा मग. ओळखीच्यांच्या मध्यस्थीनं किल्ली माझ्याकडे आली होती, मुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं होतं, आणि घर विकण्यापूर्वी त्यांना ते एकदा बघायचं होतं. मी फोन पुढं धरून चालत राहिले. हॉल दाखवला, बाल्कनी दाखवली, समोरचा गुलमोहर तोडला गेलाय हे दाखवलं. त्यांचा आवाज नीट होता, कामकाजी. मग स्वयंपाकघर. ओट्याखालचं शटर मी उघडलं ते पाइप दाखवायला, आणि आतून जो वास आला त्यानं मी मधेच थांबले.

तिथं एक डबा होता. बोर्नव्हिटाचा जुना पत्र्याचा, झाकणाच्या कडेला गंज चढलेला, त्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं, उभ्या, ठसठशीत, शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलेलं: 'गोडा, चैत्र'. शाई जांभळट झाली होती. पडद्यावर मगातली कॉफी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकू, उघडा ना तो."

झाकण निघेना. चमच्याची दांडी घालून उचकटलं. मी फोन डब्यावर धरला. पडद्यात त्यांना काय दिसलं असेल? तळाशी काळपट भुकटी, झालं.

"येतोय का वास?"

आयुष्यभर मी घरांची वर्णनं केली. हवेशीर, प्रशस्त, मोक्याचं, स्टेशन-स्टँड-शाळा हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे विशेषणांची कधी ददात पडली नाही. त्या क्षणी त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं, आणि खोटं बोलावं असंही वाटेना.

"येतोय," मी म्हटलं. "दगडफुलाचा जास्त येतोय. खोबरं मात्र खवट झालंय."

ते हसले. इतकं मोकळं हसले की मला बरं वाटलं. "खोबरं आई हात सैल सोडून घालायची," म्हणाले. "बाबांची कायम तक्रार, मसाला टिकत नाही." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही डबा धरून उभी राहिले. खालून कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली आणि ती त्यांनाही ऐकू गेली असावी, कारण त्यांनी मान किंचित वळवली. साडेबारा तासांचं अंतर, दोन समुद्र, आणि माझ्या हातात एक डबा, ज्याचा वास कुठल्याही फोनमधून जात नाही. अरे देवा.

मग त्यांनी घसा खाकरून विचारलं, "काकू, टीडीएसचं काय करायचं? घेणारा नेहमीसारखा एक टक्का कापेल ना?" आणि मी डबा ओट्यावर ठेवून त्यांना सांगितलं की एनआरआय मालकाला तो एक टक्का लागू नाही, पुष्कळ जास्त कापतात, त्यासाठी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढून घ्या, त्याला वेळ लागतो. त्यांनी लिहून घेतलं. डब्याचं काय करायचं ते त्यांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ही घरं आता इमारतींसकट चालली आहेत. सोसायटीची मीटिंग होते, बिल्डर ठरतो, आणि सोळा बिऱ्हाडं एकाच महिन्यात भाड्याच्या घरांत हलतात. सगळी दारं उघडी टाकलेली अशी रिकामी इमारत मी आतून चढले आहे. तिचा वास मात्र कुठल्या एका घराचा नसतो, सगळ्या स्वयंपाकघरांचा मिळून एकच होतो, आणि दुसऱ्या मजल्यावर कुठंतरी हिंगाची फोडणी आत्ताच पडली असावी असा भास होतो. त्याच जागेच्या कडेला पत्र्याच्या कुंपणाआड सॅम्पल फ्लॅट उभा राहतो. त्यात व्हॅनिलाचा वास सोडलेला असतो. खरंच, सोडलेला असतो; कोपऱ्यात एक छोटं यंत्र ठरावीक वेळानं फुस्स करतं. मी पाहिलेल्या बऱ्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना दारं नव्हती आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड होता. तिथली मुलगी मला विचारते, "मॅम, कसं वाटतंय?" छान वाटतं, मी म्हणते, आणि ते खरंही असतं. कोरं असण्यालाही एक सुख आहे. त्या घरात अजून कुणी रडलेलं नाही, कुणी आजारी पडलेलं नाही, दूध उतू गेलेलं नाही. अण्णांनी तिथल्या भिंतीवर तळहात ठेवला असता आणि समाधानानं मान हलवली असती.

तरीसुद्धा मला विचाराल तर माझा जीव जुन्या घरांतच रमतो, रिसेलमध्ये, जिथं कमिशनला घासाघीस फार आणि कागदपत्रांना वाळवी. त्या घराचं शेवटचं माणूस बऱ्याचदा मीच असते. मुलं येऊन सामान काढून जातात, रद्दीवाला पेपर आणि पितळ नेतो, आणि मग पार्टी यायच्या आधी मी जाते, खिडक्या उघडते. वारा येतो. चाळीस वर्षांच्या फोडण्या, तापातल्या रात्रींचा व्हिक्स, परीक्षांच्या पहाटेचा चहा, दिवाळीचं उटणं, सगळं माझ्या अंगावरून जाऊन समोरच्या रस्त्यावर मिसळतं, रिक्षांच्या धुरात. कुणाचं तरी घर पुसून टाकते आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं फारसं वाटत नाही. नवं कुणी यायचं तर त्यांच्या वासाला जागा लागते.

परवा त्याच चैत्रातल्या डब्याच्या घरी एक जोडपं आलं. दोघंही आयटीतली, ती सात महिन्यांची गरोदर, जिना चढून धापा टाकत. तिनं येताच पाण्याचं विचारलं. दोन्ही वेळ येतं का? टाकी कधी धुतात? त्यानं फोनवरचा अ‍ॅप काढून खोल्या मापल्या आणि रेडी रेकनरचा दर मला तोंडपाठ ऐकवला. तिनं स्वयंपाकघरात जाऊन शटर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, पण काही बोलली नाही. कडप्पा काढून क्वार्ट्झ टाकायचा, माळा तोडायचा, बाल्कनी पुन्हा मोकळी करायची, असं त्यांचं आपापसात चाललं होतं. बाल्कनीचं ऐकून मला आनंद झाला.

"घर आवडलंय, काकू," तो म्हणाला. "पण किमतीचं काहीतरी बघा की."

"बघू या," मी म्हटलं. "मालकांची सकाळ आपल्या रात्री नवाला होते, तेव्हा फोन लावून देते, तुम्हीच बोला. तोवर खाली जाऊन पार्किंग बघून घ्या. डावीकडचं दुसरं आपलं आहे, पहिल्या जागेत सेक्रेटरींची स्कूटर असते, तिला हात लावू नका."